शिट्टी वाजल्यानंतर: रग्बीतल्या फाउलवर वाद घालायला शिकताना

२८ ऑक्टोबर २०२३. कोजागरी होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होतं. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत दूध लवकर प्यायचं की ग्रहण सुटल्यावर, याची चर्चा संध्याकाळपर्यंत चालली होती. रात्री साडेबाराला बाकीची मंडळी गच्चीवर चंद्राकडे बघत होती आणि आम्ही सात-आठ जण खाली हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो. पॅरिसजवळच्या स्टाड द फ्रान्सवर रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होत होता, न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका.

एकच्या सुमारास न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचा खांदा जेसी क्रीलच्या डोक्यावर आदळला. रेफरी वेन बार्न्सने पिवळं कार्ड दाखवलं, केन बाहेर जाऊन खुर्चीवर बसला आणि काही मिनिटांतच त्या पिवळ्याचं लाल झालं. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कुणाला लाल कार्ड मिळण्याची ही पहिलीच वेळ. उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचं डोकं आर्डी सावेआच्या डोक्याला लागलं. त्यालाही पिवळं दाखवलं, पण ते पिवळंच राहिलं. दक्षिण आफ्रिकेने सामना १२-११ असा जिंकला.

आमच्या शेजारचे काका जन्मभर क्रिकेट आणि कबड्डी बघत आलेले. ते उभेच राहिले. "एकाला लाल, दुसऱ्याला पिवळं. हा कुठला न्याय? आणि मुद्दाम कुठे केलं होतं त्याने?" पहाटेपर्यंत आम्ही भांडलो. आवाज सगळ्यांचेच चढले होते, पण नियम काय आहे हे एकालाही धड सांगता येत नव्हतं. त्यानंतर मी नियम वाचायला लागलो, रविवारच्या सराव सामन्यांना शिट्टी घेऊन उभा राहायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या त्या रात्रीच्या भांडणात चूक फक्त क्रमाची होती. जो प्रश्न रेफरी शेवटी विचारतो किंवा विचारतच नाही, त्यावर आम्ही पहिल्या मिनिटापासून तुटून पडलो होतो. रेफरीचा क्रम कळला की वाद मिटत नाही, पण तो नेमका कशावर आहे हे तरी कळतं. नव्याने रग्बी बघायला लागलेल्यांसाठी तो क्रम इथे मांडतो आहे.

पहिली पायरी: चूक आणि फाउल वेगळे ओळखा

रग्बीत शिट्टी सतत वाजते. प्रत्येक शिट्टी फाउलची नसते. चेंडू हातातून पुढे निसटला की नॉक-ऑन, त्यावर समोरच्या संघाला स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी खांदे भिडवून चेंडूसाठी रेटायचं. यात कुणी गुन्हा केलेला नसतो, हातून चेंडू सुटलेला असतो. ऑफसाइड असताना, म्हणजे चेंडूच्या पुढे चुकीच्या बाजूला असताना, खेळात पाय घातला तर पेनल्टी. तीसुद्धा रोजचीच गोष्ट.

फाउलचा कायदा वेगळा आहे, क्रमांक ९. त्यात पाच प्रकार येतात: वाट अडवणं, अप्रामाणिक खेळ, तेच तेच उल्लंघन पुन्हा पुन्हा करणं, धोकादायक खेळ आणि गैरवर्तन. यातला 'पुन्हा पुन्हा'वाला प्रकार नव्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. एखादा संघ आपल्या गोल लाइनजवळ लागोपाठ चार पेनल्ट्या देतो, रेफरी कर्णधाराला बोलावून ताकीद देतो आणि पाचव्या वेळी अगदी किरकोळ चुकीवर पिवळं कार्ड काढतो. घरात लगेच ओरडा होतो, "एवढ्याशा गोष्टीवर कार्ड?" कार्ड त्या एका चुकीचं नसतं, साठलेल्या हिशोबाचं असतं. कर्णधाराला बोलावलेलं दिसलं की तेव्हापासूनच मोजायला लागा.

शिक्षेची चढण साधी आहे. नुसती पेनल्टी, मग पेनल्टीसोबत पिवळं कार्ड म्हणजे १० मिनिटं बाहेर, मग लाल. दोन पिवळ्यांचं लाल होतं. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, सामनाच १४ मिनिटांचा, त्यामुळे पिवळं कार्ड २ मिनिटांचं. फाउल झाला नसता तर बहुधा ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे टेकवणं) झालाच असता, असं रेफरीचं मत पडलं तर पेनल्टी ट्राय मिळतो: थेट ७ गुण, वर गुन्हेगाराला कार्ड.

दुसरी पायरी: मैदानावर वाद घालायचा नाही

हे रग्बीचं सगळ्यात वेगळं अंग आहे आणि मला सगळ्यात प्रिय. सामन्यादरम्यान काय घडलं आणि त्याला कोणता नियम लागू होतो, या दोन्हींचा निवाडा एकटा रेफरी करतो. खेळाडूने निर्णयावर हुज्जत घातली तर तो स्वतःच एक फाउल ठरतो, त्याच ९ क्रमांकाच्या कायद्याखाली. कर्णधार अदबीने विचारू शकतो, "सर, पेनल्टी कशासाठी होती?" उत्तर ऐकायचं आणि परत जायचं. बाकी कुणी तोंड उघडलं तर पेनल्टीची जागा १० मीटर पुढे सरकते.

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, सेव्हन्स खेळतो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मैदानाच्या एका कोपऱ्यात पाणी साठलेलं, मुलांचे मोजे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, आणि शिट्टी माझ्याच तोंडात. एक बारका मुलगा चेंडू घेऊन कडेने निघाला. भाचा ताठ उभा राहूनच त्याला भिडला आणि त्याचा हात त्या मुलाच्या मानेवर बसला. मी शिट्टी वाजवली. "अहो सर, पण तो वाकला ना!" मी १० मीटर पुढे चालत गेलो. "मामा!" मी आणखी १० मीटर चाललो. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण तो खरंच वाकला होता." त्याचं म्हणणं बरोबर होतं, तो मुलगा वाकला होता. पण तो किती वाकला, कधी वाकला आणि त्याआधी भाचा स्वतः किती वाकला होता, हे प्रश्न मी स्कूटरवर बोलू शकतो, मैदानावर नाही. बाकीची मुलं पावसात उभी असताना एकाशी चर्चा सुरू केली की सामना संपतो.

आपल्याकडे हे पचायला जड जातं. पाठ टेकली की नाही, यावर आखाड्यात किती काळ धुमसतं ते आपण पाहिलेलं आहे. २०२५च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून प्रकरण लाथेपर्यंत गेलं, पुढे बंदी आली, आणि त्या वर्षीच्या कुस्तीपेक्षा तेच लोकांच्या लक्षात राहिलं. त्या पैलवानाची तक्रार खरी होती की खोटी, याची नीट चर्चा त्या लाथेनंतर होऊच शकली नाही. रग्बीत तक्रारीची जागा सामना संपल्यानंतरची आहे.

तिसरी पायरी: आधी कान, मग डोळे

मोठ्या सामन्यांत रेफरीचा माइक चालू असतो आणि त्याचं बोलणं प्रक्षेपणात ऐकू येतं. समालोचकांच्या गडबडीत आपण ते घालवतो. आवाज वाढवा आणि रेफरीची वाक्यं पकडा. टीएमओला, म्हणजे टीव्हीवरच्या पंचाला, तो काय विचारतो याला फार महत्त्व आहे. "मैदानावरचा माझा निर्णय ट्राय आहे" असं सांगून त्याने विचारलं असेल, तर ते खोडायला स्पष्ट पुरावा लागतो. क्रिकेटमधला 'अंपायर्स कॉल' ज्यांना कळतो त्यांना हे एका मिनिटात कळेल.

रीप्ले बघताना एक पथ्य मी कसोशीने पाळतो. पहिल्यांदा नेहमीच्या वेगात बघायचं. स्लो मोशनमध्ये प्रत्येक टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून खाली पाडणं, मुद्दाम केल्यासारखा दिसतो, कारण अर्ध्या सेकंदाचे पाच सेकंद झालेले असतात आणि एवढ्या वेळात माणूस थांबू शकला असता असं आपल्याला वाटतं. धडक नेमकी कुठे लागली, हे स्लो मोशनमध्ये बघा. थांबायला वेळ होता का, हे नेहमीच्या वेगात. मी हॉलमध्ये हे बोलून दाखवतो तेव्हा काही जण वैतागतात, पण अर्धी भांडणं इथेच संपतात.

चौथी पायरी: डोक्याला लागलं तर चार प्रश्न, ह्याच क्रमाने

सगळ्यात जास्त वाद इथे होतात आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच द्यायला हवा. जागतिक संघटनेने २०२१ साली डोक्याला होणाऱ्या धडकांसाठी रेफरींना एक पद्धत घालून दिली आणि २०२३ साली तिच्यात दुरुस्ती केली. तिचा सांगाडा चार प्रश्नांचा.

डोक्याला किंवा मानेला धडक झाली का? नसेल, तर ही पद्धत तिथेच संपते. खांद्यावर बसलेला जबरदस्त टॅकल बघून आपल्या पोटात गोळा येईल, आवाज ऐकून कुणी डोळे मिटून घेईल, पण हात गुंडाळून, खांद्याच्या रेषेखाली केलेला टॅकल कितीही जोराचा असला तरी कायदेशीर आहे.

फाउल झाला का? नव्या प्रेक्षकाची पहिली ठेच इथे लागते. डोक्याला लागलं म्हणजे फाउल झालाच, असं नाही. टॅकल करणारा खाली वाकलेला आहे, हात गुंडाळायला पुढे केलेले आहेत, आणि चेंडूवाला अचानक गुडघ्यावर कोसळून त्याचं डोकं याच्या खांद्यावर आलं, तर रेफरी ते खेळातला अपघात मानून पुढे जाऊ शकतो. उलट टॅकल करणारा ताठ उभा असेल, हात अंगाशी चिकटलेला असेल, खांदा पुढे करून धडकला असेल, तर फाउल आहे. 'मुद्दाम केलं का' हा प्रश्न इथेही नाही. बेफिकीरपणा पुरतो. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने कुणाला उडवायचं ठरवलेलं नसतं, तरी सिग्नल तोडल्याबद्दल आपण त्याला जबाबदार धरतोच ना. काकांचा तो पहाटेचा मुद्दा इथे निकालात निघतो.

धोका किती होता? धडक थेट डोक्यावर झाली की आधी छातीला लागून मग वर घसरली? वेग किती, जोर किती? टॅकल करणाऱ्याचा स्वतःवर ताबा होता का? कोपर, हात किंवा डोकं पुढे करून आला का? धोका जास्त असेल तर विचार लाल कार्डापासून सुरू होतो, कमी असेल तर पिवळ्यापासून.

आणि शेवटी, शिक्षा एक पायरी खाली आणण्यासारखं काही आहे का? चेंडूवाला शेवटच्या क्षणी एकदम खाली गेला किंवा त्याने दिशा बदलली. तिसऱ्याच खेळाडूने धक्का दिल्यामुळे सगळं चित्र पालटलं. टॅकल करणाऱ्याला दिसतच नव्हतं. अशी सबळ गोष्ट असेल तर लालाचं पिवळं, पिवळ्याची पेनल्टी. एकच पायरी. आणि मूळ कृतीच कुठल्याही परिस्थितीत बेकायदा असेल, तर ही सवलत मुळीच नाही.

या शेवटच्या वाक्यावर रग्बीतल्या जाणकारांची सगळ्यात मोठी भांडणं झाली आहेत. ऑगस्ट २०२३मध्ये इंग्लंडचा ओवेन फॅरेल वेल्सच्या टेन बॅशमला भिडला. खांदा डोक्याला लागला. पिवळं मिळालं, मग त्याचं लाल झालं. तीन दिवसांनी शिस्तपालन समितीने ते लाल रद्द केलं. कारण दिलं, की फॅरेलच्याच संघातल्या खेळाडूने आधी बॅशमला धरल्यामुळे त्याची दिशा ऐनवेळी बदलली. मग जागतिक संघटनेने स्वतःच्या व्यवस्थेतल्या या निकालाविरुद्ध अपील केलं. अपील समितीने विचारलं की फॅरेलने हात गुंडाळायचा प्रयत्न केला होता का? केला नसेल, तर टॅकल मुळातच बेकायदा होता, आणि मग समोरच्याची दिशा बदलली की नाही हा प्रश्न उरतच नाही. लाल कार्ड कायम, ४ सामन्यांची बंदी. बघा, घटनेबद्दल दोन्ही समित्यांचं दुमत नव्हतं. एका समितीने चौथा प्रश्न आधी घेतला, दुसरीने आधी दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लावला.

उलट बाजूचं उदाहरण त्याच वर्षीच्या मार्चमधलं. डब्लिनमध्ये आयर्लंडचा ह्यूगो कीनन चेंडू उचलायला वाकला, इंग्लंडचा फ्रेडी स्टुअर्ड धावत येत होता, त्याने अंग वळवलं आणि त्याचं कोपर कीननच्या तोंडावर आदळलं. रेफरी याको पायपरने लाल दाखवलं. नंतर समितीने सांगितलं की शेवटच्या क्षणी परिस्थिती इतकी बदलली होती की पिवळं पुरे होतं. मी दोन्ही प्रसंग भाच्याला शेजारी बसवून दाखवले. स्टुअर्डच्या वेळी तो म्हणाला, "मामा, हा बिचारा वाचवायला बघत होता." मलाही तसंच वाटतं.

आता केन आणि कोलिसी यांचे प्रसंग पुन्हा बघा. दोन्हीकडे डोक्याला धडक आहे, दोन्हीकडे फाउल आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सारखीच, म्हणून तर काकांना अन्याय वाटला. फरक पुढच्या दोन प्रश्नांत शोधायचा. माझ्या मते केन ताठ होता, धडक थेट होती आणि क्रीलने असं काहीच केलं नव्हतं की ज्याचा आधार केनला मिळावा. केनच्या लाल कार्डाबद्दल मला शंका नाही. कोलिसीचं पिवळं मात्र आजही मी डोळे झाकून मान्य करत नाही. जोर किती होता, यावर प्रामाणिक माणसांत दुमत असू शकतं. तिथे वाद घाला, तो वाद खरा आहे.

पाचवी पायरी: प्रत्येक फाउलचा पहिला प्रश्न वेगळा

डोक्याची पद्धत पाठ झाली की ती सगळीकडे लावायचा मोह होतो. तसं करू नका.

हवेतल्या चेंडूसाठी दोघं उडी मारतात आणि एक जण वरून खाली आपटतो. इथे पहिला प्रश्न: दोघांनाही चेंडू पकडण्याची खरीखुरी संधी होती का? असेल तर कुणी कसंही पडलं तरी खेळ चालू. एक जण खालीच उभा राहून वरच्याच्या पायाखाली गेला असेल, तर तो कसा पडला यावर रंग ठरतो. पाठीवर किंवा कुशीवर पडला तर पिवळं, मानेवर किंवा डोक्यावर पडला तर लाल. पडणं कुणाच्या हातात असतं, असा प्रश्न मला पडतो, आणि परिणामावर शिक्षा ठरवण्याची ही रीत मला पूर्ण पटलेली नाही. पण हवेतल्या माणसाला स्वतःला सावरता येत नाही, म्हणून सगळी जबाबदारी जमिनीवरच्यावर टाकली आहे. हेतू समजण्यासारखा आहे.

उचलून आपटणं. टॅकलमध्ये माणूस उचलला म्हणून फाउल होत नाही. उचलल्यावर त्याला डोक्यावर किंवा शरीराच्या वरच्या भागावर पडू दिलं किंवा आपटलं, तर फाउल. हवेत नेलेल्या माणसाला सुखरूप खाली आणणं ही उचलणाऱ्याची जबाबदारी. २०११च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन याने फ्रान्सच्या व्हिन्सेंट क्लेर्कला असाच उचलला आणि सोडून दिला. सामन्याची २० मिनिटंही झाली नव्हती. रेफरी अॅलन रोलंडने थेट लाल दाखवलं. वेल्सची उरलेली जवळजवळ एक तासाची लढत १४ जणांनी, आणि हार ८-९, एका गुणाने. सगळा वेल्स देश रोलंडवर तुटून पडला. पुढे खुद्द वॉरबर्टननेच ते कार्ड योग्य होतं असं सांगितलं. नियम सांगायला मी आजही हाच प्रसंग वापरतो, कारण त्यात 'मुद्दाम नव्हतं' आणि 'लाल बरोबर होतं' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि मग मुद्दाम केलेला नॉक-ऑन. काकांचा 'मुद्दाम' हा शब्द शेवटी इथे उपयोगी पडतो. समोरच्याचा पास हाताने पुढे झटकून टाकला तर पेनल्टी, आणि त्यामुळे चालून आलेली चढाई मोडली तर पिवळं. पण चेंडू पकडता येईल अशी रास्त शक्यता असताना प्रयत्न केला आणि निसटला, तर फक्त स्क्रम. हात कसा होता ते बघा. तळहात वर, बोटं उघडी, दोन हात पुढे असतील तर पकडायचा प्रयत्न दिसतो. एकच हात, तळवा खाली, फटका मारल्यासारखा असेल, तर बचाव करणं अवघड. २०२३च्या त्याच अंतिम सामन्याच्या ७३व्या मिनिटाला दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेला याबद्दल पिवळं मिळालं. तो खुर्चीवर जर्सीत तोंड लपवून बसलेला होता, सामना बघायचं धैर्य त्याला होत नव्हतं. तो चेहरा नसलेला माणूस मला अजून दिसतो.

स्क्रममधल्या पेनल्टीवर पहिलं वर्षभर मत देऊ नका. कोण कुणाला खाली ओढतो हे टीव्हीवरून आपल्याला दिसत नाही.

सहावी पायरी: बंकर आणि कार्डांचं पुढचं आयुष्य

रेफरीने दोन्ही हात वर करून कार्डासोबत फुली दाखवली, म्हणजे प्रकरण बंकरकडे गेलं. पिवळं नक्की आहे, लाल होतं का हे तिथला पंच जास्तीत जास्त ८ मिनिटांत पडद्यावर बघून ठरवतो, तोवर खेळ सुरू राहतो. २०२३च्या विश्वचषकात हेच होतं, म्हणूनच केनचं पिवळं आम्हाला न कळता लाल झालं. ती ८ मिनिटं म्हणजे घरात वाद घालायची सुवर्णसंधी. आमच्याकडे आता नियम आहे: बंकरचा निकाल येण्याआधी प्रत्येकाने चारही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहायची. निकाल आल्यावर 'मी तेव्हाच म्हणालो होतो' असं म्हणायला मग कुणाला वाव राहत नाही.

लाल कार्डाचा एक नवा प्रकारही आला आहे. २०२५च्या सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेत, तो होता: खेळाडू बाहेर जातो तो परत येत नाही, पण २० मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. मुद्दाम केलेल्या, धोकादायक कृत्यासाठी जुनं, कायमचं लाल राहतं. सामना बघायच्या आधी त्या स्पर्धेत कोणतं लाल चालतं ते बघून ठेवा, नाहीतर अर्धा वाद चुकीच्या गृहीतावर होतो.

सामन्यानंतर लाल कार्डाची सुनावणी होते. डोक्याला धडक असेल तर बंदीचा विचार साधारणपणे ६ आठवड्यांपासून सुरू होतो आणि चूक कबूल करणं, आधीची स्वच्छ कारकीर्द यांवर निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो.

सातवी पायरी: रेफरी खरंच चुकला असेल तेव्हा

चुकतात, आणि ते मान्यही केलं जातं. २०१३ साली ऑकलंडमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बिस्मार्क डू प्लेसीने डॅन कार्टरला केलेला टॅकल कायदेशीर होता, तरी पिवळं मिळालं, पुढे दुसरं पिवळं मिळून लाल झालं. पहिलं पिवळं चूक होतं हे नंतर मान्य झालं आणि लाल कार्ड त्याच्या नावावरून पुसलं गेलं. सामना मात्र परत आला नाही. २०१५च्या विश्वचषकात स्कॉटलंड उपांत्यपूर्व फेरीत शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर ऑस्ट्रेलियाकडून ३४-३५ हरलं. दुसऱ्या दिवशी जागतिक संघटनेने सांगितलं की तिथे पेनल्टीऐवजी स्क्रम द्यायला हवा होता. पण तो प्रसंग टीएमओकडे नेता येण्यासारखा नव्हता, रेफरी क्रेग जूबेरला तो एका नजरेत ठरवावा लागला. चुकीबद्दल बोलताना एवढं विचारा: त्याला काय दिसू शकत होतं? तो कुठे उभा होता? कुठली मदत मागायची मुभा होती?

ते न विचारता बोललं की काय होतं, तेही या खेळाने पाहिलं आहे. २०२१ साली दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे रग्बी संचालक रासी इरॅस्मस यांनी रेफरी निक बेरीच्या चुका दाखवणारी तासाभराची चित्रफीत केली, ती सगळीकडे पसरली, आणि त्यांच्यावर बंदी आली. त्यातले काही मुद्दे खेळाच्या दृष्टीने विचार करण्यासारखे होते, असं मला वाटतं. पण बेरी आणि त्यांच्या कुटुंबाला जे सोसावं लागलं त्याचं समर्थन कुठलाही मुद्दा करू शकत नाही. २०२३च्या त्या अंतिम सामन्यानंतर बार्न्स निवृत्त झाले आणि त्यांनी कुटुंबाला येणाऱ्या धमक्यांबद्दल उघड बोलायला सुरुवात केली. त्या सामन्याचे टीएमओ टॉम फोली यांनी तर याच त्रासापायी आंतरराष्ट्रीय काम सोडलं. आमच्या हॉलमध्ये म्हणून एक बंधन आहे: निर्णयाबद्दल काहीही बोला, माणसाबद्दल नाही.

आठवी पायरी: टीव्हीसमोरून मैदानावर

सिक्स नेशन्सचे सामने फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे संध्याकाळी आणि रात्री येतात, जागरण फारसं पडत नाही. त्यात इंग्लंड-स्कॉटलंड सामना जरूर बघा. त्यांचा कलकत्ता कप हा खरोखर आपल्या कलकत्त्यातल्या क्लबने १८७८ साली बँकेतले चांदीचे रुपये वितळवून घडवून दिलेला आहे. हा परक्यांचा खेळ आहे असं काका म्हणतात, तेव्हा मी त्यांना तो कप दाखवतो.

पण महिन्यातून एकदा तरी सकाळी उठून मैदानावर जा. क्लबच्या सामन्यांत माणसं कमी असतात, तुमच्या हातात लगेच झेंडा येईल. तेव्हा एक फरक माहीत असू द्या. नेमलेला सहायक रेफरी फाउल दिसला की झेंडा आडवा धरून मैदानाच्या आत रोखतो. क्लबने उभा केलेला टच जज, म्हणजे तुम्ही, फक्त चेंडू रेषेबाहेर गेला का आणि गोलची किक बसली का, एवढंच दाखवू शकता. समोर कुणी कुणाला बुक्की मारताना दिसलं तरी त्यासाठी झेंडा तुम्हाला उचलता येत नाही. मला हे फार कठीण गेलं.

एका गोष्टीसाठी मात्र थांबायचं नाही. धडकेनंतर एखादा मुलगा निपचित पडला, उठताना झोकांड्या खाऊ लागला, शून्यात बघत राहिला किंवा आपण कुठल्या बाजूला खेळतोय हे विसरला, तर खेळ चालू असतानाही रेफरीचं आणि प्रशिक्षकाचं लक्ष वेधा. मोठ्या सामन्यांत तपासणीसाठी डॉक्टर असतात, १२ मिनिटं मिळतात. आपल्या मैदानावर त्यातलं काही नसतं, म्हणून नियमही सोपा आहे: नुसता संशय आला तरी बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. 'मी ठीक आहे' हे त्याचं म्हणणं ग्राह्य धरू नका. डॉक्टरकडे न्या, दुचाकी चालवू देऊ नका आणि त्या रात्री घरात त्याच्याजवळ कुणीतरी राहील याची खात्री करूनच मैदान सोडा.